गोड चेहरा, तिखट जीभ : ‘फिल्मइंडिया’च्या मुखपृष्ठाची कथा

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो. अनुक्रमणिका, संपादकीय, राशिभविष्य हे सगळे मागाहून. हे कबूल करायला मात्र कोणी तयार नसते. ‘आम्ही मजकूर वाचतो, चित्रे पाहत नाही’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण वाचनालयाच्या टेबलावर वीस अंक पसरलेले असताना हात ज्या अंकाकडे आधी जातो, तो काही आतल्या कथेचा दर्जा ओळखून जात नाही.

मुखपृष्ठावर लिहावे असे मला सुचले, ते मात्र एक मुखपृष्ठ जागेवर नव्हते म्हणून. सीमाभागातल्या एका जुन्या वाचनालयात काही वर्षांपूर्वी ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी चित्रपटमासिकाची बांधीव फाइल मला पाहायला मिळाली. कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरे, आत बारा अंक नीट क्रमाने लावलेले. पाने उलटू लागलो आणि लक्षात आले की एकाही अंकाला मुखपृष्ठ नाही. पहिले पान सरळ मजकुराचे. चौकशी केली तेव्हा तिथल्या वृद्ध कर्मचाऱ्याने सांगितले, “बाइंडिंगला देताना कव्हरं आणि जाहिराती काढूनच द्यायच्या असा नियम होता. पुठ्ठा जाड होतो ना!” त्यांचे काही चुकले नव्हते. त्या काळात बहुतेक वाचनालयांत हेच होत असे.

गंमत अशी की त्याच मासिकाचे एक मुखपृष्ठ मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माझे आजोळ कन्नड. आजीला आम्ही अव्वा म्हणत असू. तिच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एका बाईचे रंगीत चित्र खळीने चिकटवलेले होते. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला वाळवीने नक्षी काढलेली. पण चेहरा शाबूत. अव्वाला इंग्रजी येत नव्हते, मराठी समजत असे, वाचता येत नसे. ती बाई कोणत्या चित्रपटातली, हेही तिला ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते वेगळेच. चित्राच्या तळाशी असलेल्या इंग्रजी सहीवर बोट ठेवून ती सांगे, “हा चितारी आपल्या गुलबर्ग्याचा.”

ती सही एस. एम. पंडित यांची होती.

*

‘फिल्मइंडिया’ एप्रिल १९३५ मध्ये मुंबईत निघाले. संपादक बाबूराव पटेल. जन्म १९०४ सालचा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरजवळच्या मासवण गावचा. शाळेचे शिक्षण पुरे न झालेला हा मराठी माणूस असे झणझणीत इंग्रजी लिहू लागला, की चित्रपटधंद्यातले भलेभले त्याच्या नावाने बिचकू लागले. चित्रपट-परीक्षण म्हणजे निर्मात्याने पाठवलेल्या माहितीपत्रकाची सुधारलेली नक्कल, असा तो काळ. पुष्कळशी चित्रपटपत्रे कुठल्या ना कुठल्या स्टुडिओच्या ओसरीवर वाढलेली. बाबूरावांचे मासिक स्वतःच्या पायांवर उभे होते. वाचकांच्या प्रश्नांना संपादकाने दिलेली उत्तरे हे त्यातले सर्वांत आवडते सदर. ती उत्तरे कधी विनोदी, कधी खोचक, कधी नुसती उद्धट असत. सआदत हसन मंटो यांनी बाबूरावांवर स्वतंत्र व्यक्तिचित्र लिहिले, यावरून या असामीचा दबदबा ध्यानात यावा. १९३८ साली ‘द ड्रम’सारख्या, हिंदुस्थानी माणसाला हीन दाखवणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध मुंबईत जो गदारोळ उठला, त्यातही ‘फिल्मइंडिया’चा आवाज मोठा होता.

म्हणजे बाबूराव धुतल्या तांदळासारखे होते असे नव्हे. ते स्वतः चित्रपट दिग्दर्शित करीत. ‘द्रौपदी’ (१९४४) हा त्यांचाच चित्रपट आणि त्यातली द्रौपदी होती त्यांची पत्नी, गायिका सुशीलाराणी. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरात राहू लागले की स्वतंत्रपणाचा काटा थोडा हलणारच. त्यांच्या लेखणीत आकस असे, आवडीनिवडी असत, आणि ज्याला काल डोक्यावर घेतले त्याला आज खाली आपटण्याची खोडही होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या पानांवर कोणाची स्तुती वा निंदा व्हायची ती संपादकाच्या मर्जीने होई, कोण्या स्टुडिओच्या हुकमाने होत नसे.

आता अशा मासिकाचे मुखपृष्ठ कसे असावे? आतला मजकूर पाहता, हातात चाबूक घेतलेल्या माणसाचे व्यंगचित्र शोभले असते. प्रत्यक्षात मुखपृष्ठावर असे एखाद्या नायिकेचा रंगवलेला, तेजस्वी, थोडासा वर उचललेला चेहरा. ओठांवर हसू, डोळ्यांत पाणीदार चमक. आत जिच्या चित्रपटाची कदाचित साले काढलेली असतील, तीच बाहेर राणीसारखी बसलेली. गोड चेहरा आणि तिखट जीभ, असे ते मासिक होते.

याला ढोंग म्हणावे का? मला तसे वाटत नाही. तिखट जिभेला जगायचे असेल तर गोड चेहरा लागत होता. स्टुडिओच्या पैशावर चालणाऱ्या पत्राला रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाची पर्वा नसते. ज्याला कोणाच्या ओसरीवर राहायचे नाही, त्याला मात्र आगगाडी सुटायच्या आधी व्हीलरच्या स्टॉलपुढे अर्धा मिनिट उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाला जिंकावे लागते. त्या अर्ध्या मिनिटात अग्रलेख उपयोगी पडत नाही, तिथे चितारी लागतो. आणि मासिक खपले तरच मागच्या मुखपृष्ठाची नि आतल्या रंगीत पानांची जाहिरात देणारा निर्माता, शिव्या खाऊनही, पुन्हा दारात येतो. संपादकाच्या स्वातंत्र्याचा बराचसा भार त्या रंगवलेल्या चेहऱ्याने उचलला होता.

*

सांबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म १९१६ सालचा, गुलबर्ग्याचा. आजचे कलबुर्गी. तेव्हा गुलबर्गा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू, आणि मराठी व तेलुगू बोलणारी घरे आजूबाजूला. अशा मुलखातल्या मुलाला एकाच भाषेत जगून चालत नसे. पंडितांचे चित्रकलेचे धडे गुलबर्ग्यात सुरू झाले, मग मद्रासला, आणि पुढे मुंबईला. मुंबईत दंडवतीमठ यांचे नूतन कलामंदिर आणि मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. शिक्षण संपते न संपते तोच कामे मिळू लागली. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या अमेरिकन चित्रपटांची जाहिरातचित्रे रंगवण्याचे काम त्यांनी केले. आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘फिल्मइंडिया’च्या मुखपृष्ठांवर त्यांची सही दिसू लागली.

या जाहिरातचित्रांतून त्यांनी हॉलिवूडचा प्रकाश उचलला. म्हणजे चेहऱ्यावर एका बाजूने येणारा झगझगीत उजेड, दुसऱ्या गालावर किंचित निळसर-हिरवी झाक, केसांच्या कडेने सोन्याच्या तारेसारखी रेघ. पण हाडापेराचे ज्ञान जे. जे.चे आणि स्त्रीरूपाचा घाट रविवर्म्यापासून चालत आलेला. तैलरंगाऐवजी त्यांचा भर गौशवर, म्हणजे पाण्यात कालवण्याच्या अपारदर्शक रंगांवर. हा रंग लवकर वाळतो. महिन्याला ठरल्या तारखेला चित्र ब्लॉकमेकरकडे पोहोचलेच पाहिजे, अशा धंद्यात तोच उपयोगाचा. मात्र तो चुका पोटात घालत नाही. फटकारा मारला की मारला. पंडितांच्या मुखपृष्ठांवर जो एक ठाम, न अडखळणारा कुंचला दिसतो, त्याचे थोडे श्रेय या रंगाच्या शिस्तीलाही द्यायला हवे.

*

त्या काळी मुखपृष्ठ कसे तयार होई, हे थोडे तपशिलाने सांगतो. आता संगणकाच्या पडद्यावर तासाभरात होणारे काम तेव्हा अनेक हातांतून जाई.

चित्रकारापुढे यायचा तो स्टुडिओकडून आलेला कृष्णधवल फोटो. चित्रपटही कृष्णधवल. रंगीत चित्रपटाचे प्रयत्न झाले होते. प्रभातने ‘सैरंध्री’ (१९३३) साठी जर्मनीपर्यंत धाव घेतली, इंपीरियलने ‘किसान कन्या’ (१९३७) रंगीत काढला. पण ते अपवाद. एरवी पडद्यावर सगळे जग करड्या छटांचे. फोटोत लाल लुगडे आणि हिरवे लुगडे एकसारखेच करडे दिसू शकते. शिवाय स्टुडिओत कपडे निवडले जात ते कॅमेऱ्यात कसे उतरतील ते पाहून. पांढऱ्या कापडाने डोळे दिपतात म्हणून त्याऐवजी फिकट रंगाचे वापरीत. तेव्हा नायिकेने प्रत्यक्ष कोणता रंग नेसला होता, हे शोधून उपयोग नसे. तो रंग चित्रकाराने ठरवायचा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बार्शी, बिदर, बेळगाव, उज्जैन इथल्या प्रेक्षकाने आपली आवडती नटी पडद्यावर शंभरदा पाहिली असेल, पण ती रंगात पाहिली ती पहिल्यांदा मुखपृष्ठावर. तिच्या ओठांचा, कानातल्या खड्याचा, पदराच्या काठाचा रंग त्याला चित्रपटाने सांगितला नाही, चितार्‍याने सांगितला. थिएटरात जाऊन तो तिला पुन्हा पाही, तेव्हा मुखपृष्ठावरचा रंग मनातल्या मनात पडद्यावर चढवीत असेल. रंगीत चित्रपट सर्रास होण्याआधी आपल्या लोकांनी काही वर्षे असे घरगुती रंगीत चित्रपट पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

मग जागेचा हिशेब. वर मासिकाचे नाव. ‘फिल्मइंडिया’च्या अनेक अंकांवर ते इंग्रजी लहान लिपीत, आरंभीचे अक्षरही मोठे न करता छापलेले दिसते. त्या नावाला धक्का न लावता चेहरा बसवायचा. डोके नावाच्या फार खाली गेले तर मध्ये ओसाड पट्टा राहतो, फार वर गेले तर नाव वाचता येत नाही. स्टॉलवर अंक एकमेकांवर ओळीने लावलेले असतात, खालचा अर्धा भाग झाकला जातो. म्हणून डोळे वरच्या अर्ध्यात यायलाच हवेत. पार्श्वभूमी बहुधा सपाट किंवा हलकी विरलेली ठेवायची. झाडे, महाल, घोडे हे पोस्टरचे काम. पोस्टर रस्त्याच्या पलीकडून पाहायचे असते, मुखपृष्ठ हातभर अंतरावरून. पोस्टर गर्दीशी बोलते, मुखपृष्ठ एकेकट्याशी.

चित्र पुरे झाले की ते ब्लॉकमेकरकडे जाई. तिथे त्याचे तीन वेळा छायाचित्र घेत, दरवेळी कॅमेऱ्यापुढे वेगळ्या रंगाची काच. निळसर काचेतून पिवळ्या शाईचा ब्लॉक, हिरव्या काचेतून तांबड्याचा, तांबड्या काचेतून निळ्याचा. चौथा काळा. मध्ये बारीक चौकटीची जाळी धरून चित्राचे ठिपके पाडत. वर्तमानपत्रासाठी इंचाला पन्नास-पासष्ट रेघांची जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या मुखपृष्ठासाठी एकशेवीस ते दीडशेची. एवढे बारीक ठिपके जस्तावर नीट उतरत नाहीत, म्हणून तांब्याचा पत्रा. तो रसायनात बुडवून ठिपक्यांमधली जागा खाऊ द्यायची. यंत्राने जे साधत नसे, ते मग कारागीर भिंगातून पाहत हाताने दुरुस्त करी. गाल जास्त तांबडा आला की तांबड्या ब्लॉकवरचे ठिपके तेवढ्या भागात आणखी बारीक करायचे. त्या कारागिराची सही कुठेच नसे.

छापखान्यात एकाच कागदाला चार वेळा यंत्रातून जावे लागे. आधी पिवळा, तो वाळू द्यायचा. मग तांबडा, निळा, शेवटी काळा. चारही ठिपके नेमके आपापल्या जागी पडले तर चेहरा. केसभर सरकले तर त्या सुंदरीला दोन ओठ आणि तीन भुवया. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन कागद फुगतो, आणि पिवळ्याच्या वेळचा कागद निळ्याच्या वेळी तेवढाच राहत नाही. आषाढ-श्रावणातले अंक जरा निरखून पाहावेत. कडेला तांबडी किंवा निळी सावली हमखास सापडते.

पुढे महायुद्धात कागदावर नियंत्रण आले. चित्रपटाच्या लांबीवरही अकरा हजार फुटांची मर्यादा आली. मासिकांची पाने आटली, पण रंगीत मुखपृष्ठ टिकले. घरात धान्य कमी पडले तरी दाराला तोरण बांधायचे सोडत नाहीत, तसेच काहीसे.

*

एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. या मासिकाची भाषा इंग्रजी. संपादक ठाणे जिल्ह्यातला मराठी. चित्रकार निजामाच्या कन्नड मुलखातला. मुखपृष्ठांचे जग ज्या नायिकांनी भरलेले होते, त्यांच्याकडेही पाहा. लीला चिटणीस जन्माने धारवाडच्या. शांता हुबळीकरांच्या आडनावातच हुबळी. वनमाला ग्वाल्हेरकडच्या. दुर्गा खोटे मुंबईच्या, पण माहेर लाडांचे, कोकणी मुळाचे. आज नकाशावर जिथे जिथे ‘इथली भाषा कोणती’ म्हणून वाद आहेत, बहुधा तिथून तिथून हे चेहरे आले होते.

आणि चितारीही तिथूनच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतःच्या कलेने सजवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) चे पोस्टर हे आपल्याकडचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र चित्रपट-पोस्टर मानले जाते. गोव्यातून दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आले. मुळगावकर सुरुवातीच्या काळात पंडितांच्या हाताखाली शिकले. पंडितांची मुखपृष्ठावरची उजळ स्त्री मुळगावकरांच्या तुषारकुंचल्यातून आणखी मऊ, आणखी मराठी होऊन उतरली. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक काढला; मुळगावकरांनी पुढे ‘रत्नप्रभा’. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिला चेहरा दिला तो या मंडळींनी. म्हणजे गुलबर्ग्याच्या एका कन्नड माणसाच्या कुंचल्याचा धागा चित्रपटमासिकावरून थेट आपल्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापर्यंत येतो. तुम्ही आम्ही ज्याला अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्या दिवाळी अंकावरच्या बाईचे आजोळही कन्नड निघाले!

पंडित मराठी की कन्नड, असा प्रश्न आमच्या भागात एखाद्या सभेनंतर चहा घेताना निघतोच. जन्म गुलबर्ग्याचा म्हणून ते कर्नाटकाचे. उमेदीची वर्षे मुंबईत गेली, स्टुडिओ तिथे, शिष्य मराठी, म्हणून ते महाराष्ट्राचे. १९५६ साली भाषावार राज्ये झाली तेव्हा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. ज्या घरांत दोन्ही भाषा आहेत, त्यांना त्या वर्षानंतर प्रत्येक गोष्टीवर कोणाचा तरी शिक्का शोधण्याची सवय लागली. शाळेच्या पाटीवर, एस. टी.च्या फलकावर, मतदारयादीवर. या भांडणात लोकांनी बरेच सोसले आहे, त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. पण ट्रंकेच्या झाकणावरची ती बाई पाहिली की वाटते, तिला कोणी भाषा विचारली नव्हती. इंग्रजी न येणाऱ्या अव्वाने इंग्रजी मासिकाचे पान जपले, मराठी बोलणाऱ्या नातवंडांना ते दाखवले, आणि चितार्‍याचे गाव तेवढे आठवणीत ठेवले. ‘आपल्या गुलबर्ग्याचा’ म्हणताना ‘आपल्या’ या शब्दात तिने आम्हा सगळ्यांनाच धरले होते.

*

या कथेचा शेवट हळूहळू झाला. ७ मार्च १९५२ रोजी ‘फिल्मफेअर’ निघाले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कामिनी कौशल. त्यामागे मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे बळ होते, टापटीप छपाई होती, आणि छायाचित्राचा जमाना येऊ घातला होता. कॅमेराच रंग पाहू लागल्यावर चितार्‍याने लुगड्याचा रंग ठरवण्याची गरज उरली नाही. बाबूरावांचे मनही चित्रपटातून उडून राजकारणात रमले. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’चे ‘मदर इंडिया’ झाले. १९६७ साली ते मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून जनसंघातर्फे लोकसभेवर निवडून गेले. १९८२ साली ते वारले.

पंडितांनी मासिकांनंतर पोस्टरे केली. ‘बरसात’ (१९४९) चे पोस्टर त्यांच्या नावावर आहे. कॅलेंडरांसाठी त्यांनी देवादिकांची आणि पुराणकथांची चित्रे रंगवली. ती इतक्या घरांत पोहोचली की ज्यांनी पंडितांचे नाव कधी ऐकले नाही, त्यांनीही त्यांच्या चित्रापुढे उदबत्ती लावली असेल. उतारवयात ते गुलबर्ग्याला परतले. १९९३ साली मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. कॅलेंडराचा चित्रकार म्हणून कलासमीक्षकांनी त्यांना फार काळ दाराबाहेरच उभे केले होते. अलीकडे दार किलकिले झाले आहे.

मुखपृष्ठांचे काय झाले? मूळ चित्र हे त्या काळी ब्लॉक करण्यापुरते साधन होते. ब्लॉक झाला की त्याचे काम संपले. कुठे छापखान्याच्या माळ्यावर, कुठे रद्दीत. तांब्याचे ब्लॉक तर भंगाराच्या भावाने वितळवले गेले, तांबे महाग म्हणून. उरले ते छापील मुखपृष्ठ. ते आपल्या वाचनालयांनी, पुठ्ठा जाड होतो म्हणून, फाडून टाकले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटमासिकांचा साठा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या ग्रंथालयात जपलेल्या ‘फिल्मइंडिया’च्या काही अंकांच्या प्रतिमा आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. सातासमुद्रापलीकडे जे टिकले, ते आमच्या गल्लीत टिकले नाही, याचा राग कोणावर काढावा? आपण मजकुराला साहित्य मानले आणि चेहऱ्याला वेष्टण. वेष्टण फेकण्यासाठीच असते.

म्हणून एक विनंती. यंदाच्या दिवाळीत माळा आवरायला काढाल, तेव्हा जुन्या ट्रंकांची झाकणे उघडून आतून पाहा. देव्हाऱ्यामागच्या तसबिरींच्या पाठी उलटून पाहा. काचेच्या फ्रेमवाल्याने आधार म्हणून मासिकाचे पान घातलेले असते. एखादी सही सापडली तर ती कोणत्या भाषेतली, कोणत्या राज्यातली, हे नंतर पाहू. आधी ते पान सपाट करून, ऊन लागणार नाही असे ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही नको. साध्या कोऱ्या कागदात घालून ठेवले तरी पुरे.

अव्वा गेली तेव्हा ट्रंक मामाकडे राहिली. मागच्या उन्हाळ्यात गेलो, तर त्याच्या सुनेने ती घासूनपुसून नवा निळा रंग दिला होता. माझ्या पोटात धस्स झाले. झाकण उचलले. आत रंग दिलेला नव्हता. सुनेला विचारले, तर ती म्हणाली, “आत त्या बाई आहेत ना, म्हणून कडेकडेनंच ब्रश फिरवला.”